अटक काय तुमची?

आई लग्न होऊन साताऱ्याकडून बडोद्याला आली, तेव्हा गुजरात वेगळं होऊन फार दिवस झाले नव्हते. दांडिया बाजारातल्या आमच्या बिऱ्हाडाच्या ओट्यावर ती पहिल्यांदा एकटी उभी होती. शेजारच्या गुजराती बाईंनी तिला हसून विचारलं, "तमारी अटक शुं?" आई तडक आत वळली. घरात येऊन तिने दार लावून घेतलं आणि बाबांना विचारलं की तुमच्या घरात कुणाला अटक झाली होती, आणि झाली होती तर लग्नाआधी आम्हाला का सांगितलं नाही. हसून हसून बाबांची मुरकुंडी वळली. गुजरातीत अटक म्हणजे आडनाव, हे तिला लगेच समजलं, पण पटायला बरीच वर्षं गेली. पोलीस ज्या शब्दाने माणसाला धरून नेतात तोच शब्द लोक नाव विचारायला वापरतात, यात काहीतरी पाणी मुरतंय, असं तिचं मत होतं.

तिची संशयाची खोड मला पुरेपूर मिळाली आहे. दूधवाल्याच्या मापाकडे, भाजीवालीच्या तराजूकडे आणि फार गोड बोलणाऱ्या पाहुण्यांकडे आम्ही दोघी एकाच नजरेने बघायचो. बाबा म्हणायचे की या घरात देव आला तरी आधी त्याच्याकडे ओळखपत्र मागतील.

आमची अटक मुकादम. शब्द मुळातला अरबी. जो पुढे असतो तो, असा त्याचा अर्थ बाबांना शाळेत फारसीच्या मास्तरांनी सांगितला होता. आमचे पणजोबा संस्थानच्या हत्तीखान्यात माहुतांवर मुकादम होते, हुद्द्याचं आडनाव झालं, असं घरात सांगायचे. मला स्वतःला त्या हत्तींची शंका आहे. घोड्यांच्या पागेतही मुकादम असायचे, आणि हत्ती सांगायला बरे वाटतात.

बडोद्यात मुकादम पुष्कळ. लोखंडी सामानाचं दुकान असलेले वोहरा मुकादम, एक पारशी मुकादम, कोकणातून येऊन राहिलेले मुसलमान मुकादम, आणि आमच्यासारखे शिपाईगिरीतले मराठा मुकादम. रस्ते झाडणाऱ्यांवर नजर ठेवायला नगरपालिकेचा जो माणूस यायचा त्यालाही मुकादमच म्हणत, आणि त्याचं आडनाव निराळंच होतं. जुन्या गावात मुकादम फळिया नावाची गल्ली होती, तिथे एकही मुकादम राहत नव्हता. त्यामुळे आमच्याकडे नेहमी दुसऱ्यांचं काहीतरी येई. एकदा ईदला शीरखुर्म्याचा डबा आला. आईने झाकण उघडून वास घेतला, बाबांनी चव घेतली, मी घेतली, आणि मग बाबांनी पत्ता शोधून डबा खऱ्या मुकादमांकडे पोचवला. तो पोचेपर्यंत बराच हलका झाला असणार.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना दांडिया बाजारातली जागा सोडायची वेळ आली. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला आमच्या खोल्या हव्या होत्या. बाबा युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, त्यांना दम्याचा त्रास होता, आणि डॉक्टरांनी मोकळ्या हवेची जागा बघा म्हणून सांगितलं होतं. सुभानपुऱ्यात तेव्हा नवीन सोसायट्या उभ्या राहत होत्या. पुढे अंगण, मागे धुण्याभांड्याची चौकडी, खिडक्यांतून आरपार वारा. आई एका दलालाबरोबर जाऊन एक घर बघून आली आणि त्या रात्री झोपलीच नाही. इतकं चांगलं घर आपल्याला कोण देणार, असं म्हणत राहिली.

रविवारी आम्ही तिघं त्या घराच्या मालकांकडे गेलो. ते त्याच सोसायटीत राहत. निवृत्त गृहस्थ होते, बैठकीतल्या हिंचक्यावर झोके घेत बोलत होते, अगदी प्रेमाने. पाणी आलं. आत चहाच्या भांड्याचा आवाज सुरू झाला. मालकांनी बाबांची नोकरी विचारली, माझं कॉलेज विचारलं, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "अटक?"

"मुकादम," बाबा म्हणाले.

हिंचका थांबला. आतला आवाजही थांबला. त्या वर्षी गावात दंगली होऊन कर्फ्यू लागून गेला होता आणि लोक एकमेकांच्या नावांकडे निरखून बघायला लागले होते. मालकांनी बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं, ते सापडलं नसावं, मग सावकाश विचारलं, "मुकादममां केवा?" म्हणजे मुकादमांतले कुठले.

एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण बाबा शांत माणूस असले तरी एखाद्या गोष्टीवर अडले की अडले. त्यांना तो प्रश्न झोंबला होता. ते म्हणाले, "वडोदराना." बडोद्याचे.

मालकांनी मान हलवली, पण त्या मान हलवण्यात होकार नव्हता. घर हातचं जातंय हे मला दिसत होतं. तेवढ्यात आईने गळ्याशी हात नेला, ब्लाउजच्या आत गेलेलं मंगळसूत्र बाहेर काढलं, दोन्ही वाट्या पदरावर नीट ठेवल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या स्वच्छ गुजरातीत बोलली, "अमे मराठी छीए. दांडिया बजारना."

"एम कहो ने," असं सांगा ना, मालक म्हणाले, आणि हिंचका पुन्हा सुरू झाला. चहा आला, बरोबर गाठियाही आले. मांसमच्छी खाता का, हेही त्यांनी विचारलं. आईने डोळ्याची पापणी न लववता नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून आमचं रविवारचं मटण दांडिया बाजारात आत्याकडे शिजायला लागलं.

अकरा महिन्यांच्या करारावर आम्ही राहायला गेलो. बाबांचा दमा खरोखरच कमी झाला. ते रात्री आडवे होऊन झोपू लागले, आधी उशांना टेकून बसून झोपायचे. आई अंगणात तुळस लावून मोकळी झाली तरी तिला चैन नव्हतं. समोरच्या ओट्यावरच्या बायका आपल्याकडे कोण येतं ते मोजतात, असं ती म्हणायची. मला ते खरं वाटायचं, कारण मीही त्यांच्याकडे कोण येतं ते बघत होते.

बाबांनी दारावर पाटी लावली होती. नुसती "मुकादम". सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा गोडीने सुचवलं की पुढे नाव घाला, वर एखादा गणपती काढून घ्या, लोकांची गफलत व्हायला नको. आईने लगेच मान डोलावली. बाबा म्हणाले, रंगारी मिळत नाही. रंगारी महिनोन्महिने मिळाला नाही.

करार नवा करायची वेळ जवळ आली होती. एका दुपारी बाबा सुट्टीवर घरी होते. स्कूटर थांबल्याचा आवाज आला आणि जाळीच्या दारासमोर एक गृहस्थ येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चाळिशीतले. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते विमा विकणारा. ते बाबांना सलाम म्हणाले आणि चेहरा उजळून बोलू लागले. गावाबाहेर बाजव्याला नोकरी, रोज इतक्या लांबून यायचं, मुली मोठ्या होताहेत, गावातल्या गल्लीत आता बायकोला भीती वाटते. सुभानपुऱ्यात घर शोधून शोधून थकलो. आज इथून जाताना तुमची पाटी वाचली. पलीकडचं घर रिकामं आहे असं कळलं. तुम्हाला या सोसायटीने घेतलं, म्हणजे आम्हालाही घेतील. तुमची थोडी ओळख लागेल, एवढंच.

मग त्यांनी आपुलकीने विचारलं, "मुकादममां केवा?"

तोच प्रश्न. हिंचक्यावरून आला होता तेव्हा त्याला धार होती. या माणसाच्या तोंडी तो आपलं कोणी भेटलं म्हणून आला होता. समोरच्या ओट्यावर पापड वाळत घालणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. आई जाळीमागे माझ्या शेजारी उभी होती. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. घर आता बाबांच्या एका वाक्यावर आहे, हे तिला कळलं होतं आणि मलाही.

"वडोदराना," बाबा म्हणाले.

"अमे पण," ते हसून म्हणाले.

आणि तेव्हाच त्यांची नजर बाबांवरून बाजूच्या अंगणातल्या तुळशीकडे गेली, तिथून आईच्या कपाळाकडे. त्यांचं हसू मावळलं. आपण कुठे येऊन उभे राहिलो ते त्यांना उमगलं. त्यांनी मागे वळून समोरच्या ओट्याकडेही पाहिलं. त्यांच्या अंगात आमच्याहून जुना संशय मुरलेला असावा, कारण त्यांना सगळं एका क्षणात कळलं, आमचंसुद्धा. बाबा दार उघडून आत या म्हणत होते. ते आत आले नाहीत. खाली मान घालून, आम्हालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "तमने तकलीफ थशे." तुम्हाला त्रास होईल.

मग ते दोन पावलं मागे सरले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "माफ करजो, बेन. भूल थई गई. हुं तो बीजा मुकादमने शोधुं छुं." मी दुसऱ्याच मुकादमांना शोधतो आहे. स्कूटर दोनदा लाथ मारूनही सुरू होईना, तर ते ती ढकलत कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले.

बाबा बराच वेळ पायरीवर बसून होते. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिने गॅस पेटवला, पण वर काहीच ठेवलं नाही. मला वाटलं होतं की ती आता बाबांवर चिडेल, पाटी आजच बदला म्हणेल.

आठवड्याभरात मालक आले. पुतण्याची बदली बडोद्याला होते आहे, घर त्याला लागेल, करार पुढे करता येणार नाही. त्यांनी ते अगदी गोड शब्दांत सांगितलं. त्यांना कुणी सांगितलं याचा मी आजही विचार करते. पापडवाल्या बायका, सेक्रेटरी, नाहीतर पुतण्या खरोखरच असेल. आम्ही निघालो, आणि नंतर कॉलेजला जाता-येता मी मुद्दाम त्या रस्त्याने जायची. घराला पुढे कितीतरी दिवस कुलूप होतं. शेजारचं रिकामं घरही रिकामंच होतं.

मग पुन्हा घर शोधणं सुरू झालं. बाबांचा दमा परत आला होता, आत्याकडच्या एका खोलीत आम्ही सामानासकट राहत होतो, आणि पावसाळ्याआधी जागा मिळणं गरजेचं होतं. कारेलीबागेतलं एक घर आईला आवडलं. मालकीण वयस्कर बाई होत्या, त्यांनी आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं, घराच्या खिडक्या उघडून दाखवल्या. बाबा खिडकीशी उभे राहून नुसता श्वास घेत होते. बाईंनी आईकडे वळून विचारलं, "अटक शुं तमारी?"

आईचा हात गळ्याकडे गेला. मला हायसं वाटलं. पण तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि गळ्याशी मुठीत धरला. मंगळसूत्र आत गेलं, एक मणीसुद्धा दिसेना.

"मुकादम," ती म्हणाली. "वडोदराना."

बाई वाट बघत राहिल्या. मग बाई म्हणाल्या की मुलाला विचारून कळवते, आणि ते त्यांनी कधीच कळवलं नाही.

परतताना रिक्षात बाबांना धाप लागली होती. बोलायला त्यांना वेळ लागला. ते म्हणाले, "मी हटवादी आहे, तू तर नव्हतीस. मागच्यासारखं सांगून टाकायचं होतंस."

आईने अजून पदर सोडला नव्हता. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्या बाजव्याच्या भाईंनी गळ्यातून काय काढून दाखवायचं होतं?"