नाडी आत का बाहेर

"काका, नाडी कुठाय?" श्रुती मॅडमनी शॉर्ट उलटीसुलटी करत विचारलं.

"आत. आणिक कुठं असणार?"

"आत? अहो, डिझायनर ड्रॉस्ट्रिंग शॉर्ट आहे ही! नाडी पुढं लोंबायला पाहिजे."

"मॅडम, ज्याची नाडी लोंबते त्याला आमच्यात पोरगी देत नाहीत."

"आता नाडी बघूनच घेतात, काका," म्हणत त्यांनी कपाळाला हात लावला.

कासारवाडीत माझं टेलरिंगचं दुकान. जन्म लेंगे शिवण्यात गेला. कमरेच्या दुमडलेल्या पट्टीला नेफा म्हणतात. त्यात नाडी ओवायची, गाठ आत दडवायची. डिझायनर झाली तरी चड्डीच ना ती? मॅडमनी शिवायला दिलेला सगळा लॉट मी तसाच शिवला.

त्याच संध्याकाळी मॅडमचा चिंचवडला मॉलमध्ये स्टॉल होता. माल चालला तर पुढचं काम माझ्याकडं, नाहीतर भोसरीच्या युनिटला. काम गेलं की शटर बंद. मग लेकाच्या फ्लॅटवर टीव्हीपुढं बसा. बायको गेल्यापासून त्याचा तोच धोशा, "अण्णा, बंद करा आता." बसून काय करू? घर खायला उठतं.

"पुढं दोन काजं पाडतो," म्हटलं. काज म्हणजे बटण घालायचं भोक. काजं पाडली, नाड्या बाहेर ओढल्या. निघालं काय, तर उंदराच्या शेपटीएवढं टोक! आतल्या गाठीपुरतीच कापलेली ना.

मॅडम रडकुंडीला आल्या. "दुसऱ्या नाड्या नाहीत?"

होत्या. माझी सुमन परकर शिवायची. उरल्यासुरल्या कापडाच्या नाड्या करून गाठोड्यात बांधून ठेवायची. राणी, पोपटी, हळदी. तिच्यामागं ते गाठोडं मी सोडलं नव्हतं. सोडलं.

मॅडम किंचाळल्या. मला वाटलं, झुरळ निघालं.

"काय कॉन्ट्रास्ट आहे, काका!"

"परकराच्या नाड्या हायत त्या."

"हळू बोला हो!"

नाडी ओवायची सुमनची दांडी, जुन्या टूथब्रशची, गाठोड्यातच निघाली. भराभर ओवलं. ट्रायलला शेजारचे कदम उभे केले. चाकणच्या कंपनीत सुपरवायझर, मिशी ही एवढी. पॅंटवरनंच शॉर्ट चढवली, राणी नाडीची फुलगाठ मारली आणि आरशात बघत राहिले.

"राव, ही नाडी कुठंतरी बघितलीय."

"मिसेसला विचारा," मी म्हटलं.

मॅडम कपड्यांच्या ढिगावर कोसळल्या. कदमांची मिशी थरथरायला लागली. माझी कवळी निसटून हातात आली, तरी हसू थांबेना. सुमन गेल्यापासून दुकानात एवढा दंगा झाला नव्हता. ती असती तर पदर तोंडात कोंबून हसली असती.

रात्री मॅडमचा फोन. "काका, संपला माल! पुढचा लॉट पण तुम्हीच. नाडी सेम!"

शटर उघडंच आहे. गाठोडं संपलं, आता नाड्या मीच करतो. तिच्यासारख्या जमत नाहीत. मॉलमध्ये बाप्ये त्याच लोंबवत हिंडतात.

शिकलो एवढंच, कापायच्या आधी विचारावं: नाडी आत का बाहेर.