तेरावा हजर

"मोजा की आदी," असं म्हणत कंडक्टरकाका पेनाच्या मागच्या टोकानं जिन्याच्या कठड्यावर टकटक करायचे. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एकजण असेल. जुळे सोलापुरातल्या आमच्या चोवीस घरांची सभा पार्किंगमध्ये भरायची. काका मूळचे मंगळवेढ्याकडचे, हयात बसमध्ये माणसं मोजण्यात गेलेली. डोकी मोजून होईपर्यंत ते सभेला घंटी देत नसत.

"काका, हितनं गाडी कुटं जाणाराय?" कोणीतरी चिडवायचं.

"जाऊ दे न्हाय तर ऱ्हाऊ दे, बसलीत किती ते कळाय नको?"

नियम साधा होता: तेरा सभासद हजर असल्याशिवाय अध्यक्ष निवडायचा नाही. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, म्हणून हा नियम माझ्याकडूनच लिहून घेतलेला. त्या रविवारी अध्यक्षपदाला उभाही मीच. हजर बारा. सभा पुढच्या रविवारवर गेली असती, तर दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले गावाहून परतून माझ्याविरुद्ध उभे राहिले असते, आणि मग मला फक्त माझंच मत पडलं असतं.

काका सात रस्ता चौकात नवा चष्मा आणायला गेलेले. फोन उचलेनात. लोक उठायला लागले. म्हटलं, काका कधी सभा चुकवतात का? येणारच! हजेरीवहीत त्यांच्या नावापुढं मीच सही ठोकली आणि "तेरा!" म्हणून खणखणीत ओरडलो. हात वर झाले. मी अध्यक्ष झालो.

पेढे वाटत होतो, तेवढ्यात काका आले. दहा मिनिटं दम धरला असता तर त्यांच्या येण्यानंच माझी खुर्ची खरी झाली असती. पण तेवढी अक्कल असती तर मी कशाला असलं काही केलं असतं? त्यांनी सही करायला वही ओढली, चष्मा चढवला, आपल्या नावापुढच्या सहीवर बोट ठेवून थांबले.

"मी तर आदीच आलोय की वो," म्हणाले. "मग आता परत कशाला येऊ?"

पेढा न घेता जिना चढून गेले. सगळ्यांना वाटलं, काकांनी गंमत केली. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

तोवर मी त्यांचा "गुर्जी" होतो. दुसऱ्या दिवसापासून "अध्यक्षसाहेब". टाकीचं पाणी सोडायची वेळ मी पहाटे पाचची केली, घराघरातून शिव्या खाल्ल्या. काका मात्र बरोबर पाचला बादल्या लावून तयार. सभेला ते पुन्हा कधी आले नाहीत.

गेल्या महिन्यात घर सोडून ते मुलीकडे अक्कलकोटला निघाले. खाली टेम्पो लागला होता. धीर करून मी म्हटलं, "काका, ती सही... चुकलंच माझं."

"मला कशाला सांगताय? मला तवाच कळलंय." ते ड्रायव्हरशेजारी चढून बसले. "बावीस घरं ऱ्हायलीत की. तुमी त्येंचे अध्यक्ष. त्येंला सांगा."

टेम्पो गेला.

बावीसांतल्या एकाही घराची बेल मी अजून वाजवलेली नाही. पार्किंगच्या फळ्यावर पुढच्या सभेची नोटीस लागली आहे. खाली अध्यक्ष म्हणून माझं नाव. तुम्हाला मात्र सगळं सांगून बसलो. तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही ना, म्हणून.