कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरच्या चपला

कुपवाडच्या त्या कारखान्यातला तपास आठवला की आजही मी खुर्चीत सावरून बसतो. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी तिथं फौजदार होतो आणि आमच्या ठाण्यात आलेली कॉम्प्युटरची ती पहिलीच तक्रार! पंचनामा लिहिताना हवालदार म्हणाले, "साहेब, मोडलंय काय म्हणून लिहू? काच तर शाबूत हाय."

कारखान्यात एकच कॉम्प्युटर. पगार, स्टोअर, माल पाठवणं, सगळ्यांचं काम त्याच्यावर. सोमवारी सकाळी तो सुरू केला, तर आतली सगळी माहिती गायब. मालक तावातावानं सांगत होते, "ऑपरेटरनंच केलंय. कायम करत नाही म्हणून डूख धरलाय. आत टाका त्याला."

ऑपरेटर विशीतला, बौद्ध घरातला, घरातला पहिलाच पदवीधर. मीही माझ्या घरातला पहिलाच. अटक झाली तर याला पुन्हा कुणी कॉम्प्युटरजवळ उभं करणार नाही, हे मला दिसत होतं. तरी जबाब घेणं भाग होतं. तो एवढंच म्हणाला, "मी माझ्याच पोटावर पाय कशाला देऊ, साहेब?"

सांगलीहून जाणकार बोलावला. त्याला टेबलाच्या कप्प्यात एक फ्लॉपी सापडली. तिच्यात पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम होता आणि त्याच्यासोबत व्हायरस. कुणीतरी तो प्रोग्रॅम मशीनवर चढवला होता.

"याचीच फ्लॉपी!" शेजारी उभे असलेले कारखान्याचे मॅनेजर ताडकन म्हणाले.

ऑपरेटर पहिल्यांदाच हसला. "आवं साहेब, आमच्यात छप्पन सालच्या धर्मांतरापास्नं पत्रिका बघत न्हाईत. आईला माझी जन्मवेळबी ठावं न्हाई. मी कुणाची जुळवू?"

मी फ्लॉपी उलटीपालटी करून पाहिली. मग जुळवत होतं कोण?

फाटकावर वॉचमन होता, माजी सैनिक. त्याला बाजूला घेतलं. "साब, माझं नाव नको," तो हळूच म्हणाला. "ऐतवारी कारखाना बंद, पण कॉम्प्युटरच्या खोलीभाईर चपलांचा ढीग. बायकांच्या, पोरांच्या. लय पावणं येत्यात मॅनेजरसाहेबांकडं."

त्या एसी खोलीत चपला काढूनच जायचा नियम होता. तो मात्र सगळ्यांनी पाळला होता!

मी जवळजवळ पळतच आत गेलो. मॅनेजरांना दरडावलं नाही. चहा मागवला आणि विचारलं, "या रविवारी कुणाची जुळली?"

कप बशीवर आदळला. "साडूच्या मुलीची," ते पुटपुटले. "म्हसवडचे पाहुणे होते साहेब, नाही कसं म्हणू? मशीनचं असं होईल हे ठाऊक नव्हतं. सोमवारी घाबरलो आणि मालकांपुढं ऑपरेटरचं नाव केलं."

मालकांनी तक्रार मागे घेतली. खाली मान घालून त्यांनी ऑपरेटरला विचारलं, "तुला काय पाहिजे?" मला वाटलं, तो आधी नोकरीचं बोलेल.

"फ्लॉपीच्या खाचेला कुलूप लावा. मशीनवर काय चढवायचं ते एकानंच बघायचं."

मालकांनी हो म्हटलं. चावी त्याच्याच हाती दिली आणि कायमही केलं. "आणि मी मागितली तर?"

"अर्ज द्यावा लागंल, मालक."

सगळ्यात मोठ्यानं वॉचमन हसला.

कुलूप चोरासाठी असतं, असं मी तोवर समजत होतो. पण ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्या आपल्याच माणसांसाठी ते जास्त लागतं. पुढं आमच्या ठाण्यात कॉम्प्युटर आला, त्यालाही मी तसंच कुलूप बसवलं. पहिल्याच आठवड्यात मेहुणा फ्लॉपी घेऊन हजर. "दाजी, दोनच मिनिटं. गेम हाय."

"चावी माझ्याकडं नाही," मी म्हणालो. खरंच नव्हती. ती मी मुद्दाम हवालदारांकडं ठेवली होती.

तो रुसून दाराबाहेर चपला घालत होता. मी मात्र समाधानानं हसत होतो.