लॉनीकाकांची बादली

आमच्याकडे म्हणतात, मिस वर्डीने नवऱ्याला परसातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली पुरलंय, म्हणून तिची मस्कडाइन द्राक्षं सुपारीएवढी होतात.

साफ खोटं. तिचा नवरा, आमचे लॉनीकाका, चर्चमागच्या दफनभूमीत आहेत, इथून मैलभर. सहा वर्षांपूर्वी पेटीवर माती ढकलणाऱ्यांत माझा बाप होता. खरं एवढंच, की त्या मांडवाखाली भर दुपारी अंगावर काटा येतो, आणि मिस वर्डी तिथे कुणाशी तरी बोलते.

वय एक्क्याऐंशी, पण आमच्याकडे वयस्क बाईला, लग्न झालेलं असलं तरी, 'मिस'च म्हणतात. चाळीस वर्षं शाळेत पोरांना जेवण रांधून वाढलं. बोलणं असं, की प्रत्येक शब्द विहिरीतून ओढून काढतेय. तिची नक्कल मी बरी करतो. लॉनीकाकांची त्याहून बरी करायचो. बोलण्याआधी ते दोनदा खाकरायचे आणि मग म्हणायचे, "तर..." पुढे बहुतेक वेळा काहीच नसायचं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात तिचा मुलगा रॉयस रॉली शहरातून मदतीला म्हणून आला आणि शेडजवळची वेल करवतीने कापून मोकळा झाला.

"चाळीस वर्षांत एक द्राक्ष दिलं नाही, मॉमा. नुसती जागा अडवून बसली होती."

मिस वर्डी पाईचं पीठ मळत होती. हात थांबले.

"तुझ्या बापानेही कधी मूल जन्माला घातलं नाही रे. घातलं ते मी. म्हणून त्याला कापायचा का?"

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. शेडजवळची वेल नर होती. मांडवावरची मादी. नराचा फुलोरा जवळ नसेल तर मादीला फळ धरत नाही. पण रॉयस शरमला नाही, उलट त्याला वाट सापडली.

"मग आता इथे राहिलंय काय? सप्टेंबरात मांडव रिकामा राहिला तर घर विकू. तू आमच्याकडे यायचं."

"आणि भरला तर?"

"तर पुन्हा विषय काढणार नाही."

मार्चमध्ये छाटणीला तिचं स्टूल मी धरलं. प्रत्येक कापातून पाणी ठिबकत होतं, माझ्या मानेवर, कॉलरच्या आत.

"रॉलीच्या घरात लिफ्ट आहे म्हणे, मिस वर्डी."

"मांडव भरणार. लाव पैज."

मी आसपासचं रान आधीच पालथं घातलं होतं. नर वेल एकही नव्हती. म्हटलं, वाटीभर द्राक्षंसुद्धा येणार नाहीत, आणि जिंकलो तर लॉनीकाकांचा मासेमारीचा गळ माझा.

"आणि हरलास तर पुढच्या वर्षी मेमध्ये मी सांगेन ते, सांगेन तिथून आणायचं. आणताना कुणाची नक्कल करायची नाही."

मेमध्ये ती मला रस्त्यात दिसली. बाराचं ऊन. चर्चच्या बाजूने चालत येत होती, हातात बादली, बादलीवर ओलं पांढरं फडकं. खाली बघून म्हणत होती, "हळू. इथे खड्डा आहे." बादली तिने मांडवाच्या मधोमध टांगली आणि फडकं काढलं. गोड, जड वास कुंपणाबाहेर माझ्यापर्यंत आला. दोन आठवडे हे दिवसाआड चाललं. मी विचारलं नाही.

सप्टेंबरात शेडच्या पत्र्यावर द्राक्षं पडू लागली. वारा नाही, पान हलत नाही, आणि पत्र्यावर धप, मग जरा थांबून धप. कुणीतरी सावकाश फेऱ्या घालाव्यात तसं. रॉयस मांडवाखाली जाऊन उभा राहिला. वर घोसच घोस. एक द्राक्ष त्याच्या खांद्यावर पडलं, तसा तो झटकन मागे वळला. मागे कुणी नव्हतं. मग त्याने द्राक्षांच्या सालींच्या पाईचा तुकडा खाल्ला आणि गाडी काढली.

पैज मी हरलो होतो. या मेमध्ये ती फेडायला बादली घेऊन गेलो, तिने सांगितलं तिथे. लॉनीकाकांच्या कबरीवर. दगड दिसत नव्हता. त्याच्या खांद्यांवरून वेल चढली होती, नखशिखांत फुललेली. नर वेल. तिथे मी शोधलंच नव्हतं. दफनभूमीत कोण वेल शोधतो? तिथली वेल कुणी लावली, ते मी निघतानाच विचारलं होतं.

"कुणी नाही," मिस वर्डी म्हणाली होती.

फुललेल्या फांद्या कापल्या, पाण्यात ठेवल्या, वर फडकं घातलं. खड्ड्यापाशी बादली हिंदकळली. आणि अगदी कानाशी कुणीतरी दोनदा खाकरलं.

"तर..."

मिस वर्डी फाटकात उभी होती.

"नक्कल करायची नाही असं ठरलं होतं."

"मी नाही केली, मिस वर्डी."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. फाटक आणखी थोडं उघडलं.

"मग या आत. दोघेही."