खापरपणजोबांच्या तीन बायका

"तीन?" समीरच्या आईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"तीन," मी म्हणालो. "आणि तिघी सख्ख्या बहिणी."

लंडनच्या हॅरोमधल्या समीरच्या घरी बसून मी हे अगदी प्रोफेशनल आवाजात सांगितलं. लोकांचे पूर्वज शोधून देणं हा माझा धंदा. जिवंत नातेवाइकांशी फारसं जमेना, म्हणून मेलेल्यांकडे वळलो.

समीरचे खापरपणजोबा एकोणिसाव्या शतकात बोटीने विलायतेला आले, सोबत बायकोलाही घेऊन. वॉटफर्डजवळच्या एका गावातले ते पहिले भारतीय डॉक्टर. आता तिथली हिस्टरी सोसायटी त्यांच्या घरावर, इथे नामवंतांच्या घरांवर लावतात तशी निळी पाटी लावणार होती. तो सोहळा पाहायला आई पुण्याहून आल्या होत्या. माझं काम फक्त कुटुंबाची माहिती तपासण्याचं.

तपासली. इथल्या जन्मदाखल्यावर आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनाव असतं. तीन मुलांचे दाखले मागवले. आया तीन: यमुना, राधा, रोझ. माहेरचं आडनाव मात्र एकच. सामान्य माणूस इथे थांबून डोकं खाजवतो. मी एक्स्पर्ट, त्यामुळे थांबलो नाही. रोझने बहुधा धर्म बदलला असावा, अशी तळटीपही ठोकून दिली.

"रिपोर्ट अजून कुणाला पाठवलात?" समीरने विचारलं.

"सोसायटीला. कालच."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सोसायटीची सेक्रेटरी, मार्गारेट. कमिटी म्हणे "जरा अनकम्फर्टेबल" होती. इंग्रज माणूस 'जरा' म्हणाला की पाटी गेली समजायचं.

समीरचा चेहरा पडला. आईंनी कप खाली ठेवला.

"अहो, तुमचं लग्न झालंय ना?"

"हो."

"बायकोचं माहेरचं नाव काय?"

"स्मिता."

"आणि सासरचं?"

"वैदेही. तांदळाच्या ताटात अंगठीने मीच लिहिलं होतं."

"अगंबाई! म्हणजे तुम्हालाही दोन. आणि त्याही सख्ख्या बहिणी!"

मी गुपचूप दाखले पुन्हा काढले. नोंद कुणी केली, याचा एक रकाना असतो. तो मी वाचलाच नव्हता. पहिल्या वेळी बायको स्वतः गेली होती: यमुना. दुसऱ्यांदा नवरा: राधा. तिसऱ्यांदा बाळंतपणाला हजर असलेली शेजारीण. तिच्या जिभेला झेपलं ते रोझ.

मार्गारेटला फोन लावून सगळं समजावलं.

"नवरा बायकोचं पहिलं नावसुद्धा बदलतो?"

"हो."

"तिला विचारून?"

"कनेक्शन जरा खराब आहे," मी म्हणालो.

"आणि तुम्हाला ही पद्धत माहीत नव्हती?"

"माहीत होती."

"ओह," ती म्हणाली. माझ्या करिअरचं इतकं नेमकं मूल्यमापन आजवर कुणी केलं नव्हतं.

पाटी ठरल्या दिवशी लागली. त्याआधी आईंनी एक अट घातली होती: नवऱ्याच्या जोडीला बायकोचंही नाव हवं. यमुना.

"आई, आपल्या घरात सगळे राधाबाईच म्हणतात गं," समीर म्हणाला.

"म्हणू देत. त्या नोंदणीच्या ऑफिसात तिला नाव विचारलं, तेव्हा तिने काय सांगितलं? ते लिहा."

तेच लिहिलं.

धडा एवढाच. कुणाच्या पूर्वजांची लग्नं लावण्याआधी दाखल्याचे सगळे रकाने वाचावेत. आणि घरात आई असतील, तर आधी त्यांना विचारावं. दाखला पोस्टाने येतो. त्या चहा पिता पिता सांगतात.