पुरुषांच्या कपाटातलं बाळंतपण

सूतगिरण्यांच्या आमच्या गावात शुक्रवार पेठेतल्या वाचनालयानं बायकांसाठी बुधवारी दुपारी दोन ते तीन अशी वेळ राखून ठेवली, तेव्हा चिटणीसांनी भाषण केलं. स्त्रीशिक्षणाचा सूर्य उगवल्याचं ते पाऊण तास सांगत होते. त्याचं ऊन आम्हाला लागू नये म्हणून की काय, खोलीच्या मधोमध गिरणीतली एक जाड चादर दोरीवर टांगली होती. चादरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे चिटणीस आणि वर्तमानपत्रं.

आमच्या वाट्याला एक कपाट आलं. त्यात व्रतांची पुस्तकं, लोणच्यांची पुस्तकं आणि नवऱ्याच्या आज्ञेत राहून सुखी झालेल्या बायकांच्या गोष्टी. मी मराठी सातवी झालेली, आमचे मालक शाळामास्तर. दोन महिन्यांत मी कपाट संपवलं. चिटणीसांना तसं सांगितलं तर म्हणाले, "पुन्हा वाचा. चांगलं पुस्तक दुसऱ्यांदा अधिक कळतं." लोणच्याचं पुस्तक मी दुसऱ्यांदा वाचलं. ते पहिल्यांदाच कळलं होतं.

माझ्याबरोबर शेजारच्या बोळातली एक मैत्रीण यायची. कापडदुकानदाराची बायको, माहेर अक्कलकोटकडचं. घरात कानडी, दारात मराठी. मला अक्का म्हणायची. तिचं पहिलं मूल आठव्या दिवशी आकडी येऊन गेलं होतं. आता तिला पुन्हा सातवा महिना होता. एका बुधवारी वाचनालयाची छापील यादी चाळताना तिला एका डॉक्टरानं लिहिलेलं बाळंतपणावरचं पुस्तक दिसलं. तिनं त्यावर बोट ठेवलं ते उचलेचना. मी चादरीपाशी जाऊन ते पुस्तक मागितलं.

"ते पुरुषांच्या कपाटात आहे," पलीकडून आवाज आला.

"मग तिथून काढून द्या."

"बाई, त्यात चित्रं आहेत."

"कसली?"

पलीकडे वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज झाला.

"बायकांचीच असतील की," मैत्रीण म्हणाली.

"म्हणूनच बायकांना देता येत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला पाठवलं. तो बिचारा वाचनालयाचा सभासद होता तो कापसाचे भाव बघण्यापुरता. चार ओळी मराठी वाचायच्या म्हटलं तर त्याला घाम फुटायचा. त्याला मात्र पुस्तक लगेच मिळालं, तेही वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. घरी येऊन तो म्हणाला, "चिटणीस कानात सांगत होते, लवकर परत करा, ह्याला लई मागणी हाय म्हणून."

मागणी कशाला होती ते आम्हाला पुस्तक उघडताच कळलं. त्या काळी नव्या पुस्तकाची पानं कडेला जोडलेली येत. सुरीनं फोडून वाचावी लागत. चित्रांची पानं तेवढी फोडलेली होती, आणि हाताळून हाताळून कोपरे काळे झाले होते. बाकी सगळं पुस्तक जसं छापखान्यातून आलं तसं मिटलेलं होतं. पेठेतले वकील, मास्तर, व्यापारी एवढ्या वर्षांत बाळंतपणाविषयी ज्ञान मिळवत आले, ते त्या सात-आठ पानांतून.

मैत्रिणीनं स्वयंपाकघरातली सुरी आणली. ती पानं फोडायची, मी वाचायची, अडेल तिथं ती स्वतःलाच कानडीत सांगायची. नाळ कापायचं हत्यार उकळून घ्यावं, नाहीतर मुलाला आठवड्याभरात आकडी येते, हे वाचलं तेव्हा तिचा हात थांबला. तिनं सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "अक्का, तेवढंच परत वाचा."

सुईणीला सांगितलं तर ती उसळली. "निम्म्या पेठेला मी जगात आणलं. मला आता पुस्तक शिकवतंय व्हय?"

"शिकवत न्हाय मावशी. माझ्यासाठी उकळा," मैत्रीण म्हणाली. सुईणीनं उकळलं, पण पाण्याला उकळी येईपर्यंत पुस्तकाचा आणि डॉक्टराचा उद्धार चालू होता.

मुलगी झाली. आठव्या दिवशी मी सकाळपासून तिच्याकडे जाऊन बसले. आम्ही दोघी पाळण्याकडे बघत राहिलो. मूल दिवसभर दूध पीत होतं आणि झोपत होतं. दिवे लागले तेव्हा मैत्रीण रडली, आणि मग तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या.

पुस्तक परत गेलं आणि वाचनालयात गहजब झाला. सुरीनं पुस्तकाची नासधूस केली म्हणून तिच्या नवऱ्याचं सभासदत्व स्थगित झालं. बुधवारी मी चिटणीसांना गाठलं, चादरीच्या पलीकडे जाऊनच. ते दचकून उभे राहिले.

"पानं जोडलेली होती. फोडल्याशिवाय वाचायची कशी?"

"इतकी वर्षं सगळे वाचत आले," ते म्हणाले. "एकाचीही तक्रार नाही."

महिन्याभरात बायकांची वेळ बंद झाली. वाचनालयाच्या वार्षिक अहवालात कारण छापलं होतं: स्त्रीवर्गात वाचनाची आवड नाही. त्या वर्षी अहवालाची पानं मात्र छापखान्यातूनच कापून आली होती.

मैत्रिणीच्या नवऱ्यानं पुण्याहून त्या पुस्तकाची नवी प्रत टपालानं मागवली. ती बोळाबोळांतून फिरली. आमच्याकडच्या तेलुगू विणकरांच्या घरी कुणीतरी ती त्यांच्या भाषेत समजावून सांगितली. सुईणीनं दोनदा वाचून घेतली, वर "हे मला आधीच ठाऊक होतं" म्हणाली. शेवटी ती होटगीला एका रेल्वेवाल्याच्या बायकोकडे गेली. तिनं परत केली नाही, आणि आम्हीही मागितली नाही.