शिशाचा शिक्का

मामा वजनमाप खात्यात निरीक्षक होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी दुकानात शिरला की आधी रिकाम्या पारड्याकडे बघतो, मालाकडे नंतर. भाजीवाली त्याला लांबून बघूनच काटा पुसायला घेते. त्याच्याबरोबर बाजारात जायची मला अजूनही लाज वाटते.

अशा माणसाला मीच बोलावून घेतलं, आईसाठी. आई घरी शिवणकाम करते. वर्षभरापूर्वी तिला फोनवरचा तो खेळ सापडला. खऱ्या सामन्यातले अकरा खेळाडू निवडून आपला संघ बांधायचा, त्यावर पैसे लावायचे, आणि मैदानात ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण. हल्ली सामन्याची वेळ झाली की तिचं मशीन थांबतं. गेल्या महिन्यात एका नवरीच्या हातात बिनबाह्यांचा झगा पडला. बाह्या कापून तयार होत्या, जोडायच्याच राहिल्या होत्या. वीस वर्षांत आईच्या हातून असं झालं नव्हतं. मी घाबरले आणि तसं तिला सांगितलं, तर तिने मलाच उडवून लावलं.

मामाला मात्र ती म्हणाली, "तूच तपास. खोट निघाली तर सोडते. नाही निघाली तर हिने पुन्हा तोंड उघडायचं नाही."

मला वाटलं होतं, धाकटा भाऊ असला तरी तो तिला चार शब्द सुनावेल. कसचं काय! त्याचे डोळेच चमकले. त्याने वही काढली, स्वतःच्या फोनवर खातं उघडलं आणि फुकटच्या स्पर्धांत संघ लावले. सामना सुरू झाल्यावर कुणाला संघ बदलता येतो का? नाही. इतरांचे संघ बघता येतात का? येतात. टीव्हीसमोर बसून त्याने एकेक गुण ताडून पाहिला. कंपनीची माणसं स्वतः खेळतात का, असं पत्र लिहून विचारलं. त्यांना बंदी आहे, असं उत्तर आलं. तीन आठवडे हेच. मामी म्हणाली, एवढं लक्ष देऊन यांनी आमच्या लग्नाचे फोटोसुद्धा पाहिले नाहीत.

रविवारी तो आला. "ताई, काटा बरोबर आहे."

आईने माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

"पण त्याला शिसं नाही," मामा म्हणाला.

"शिसं कसलं?" मी विचारलं. मग त्याने सांगितलं. काटा जुळवायचा स्क्रू आत असतो. तपासणी झाली की निरीक्षक त्यातून तार ओवतो आणि वर शिशाचा शिक्का मारतो. मग दुकानदाराला तो स्क्रू फिरवता येत नाही.

"दुकानदार लबाडच असतो असं नाही गं. हाताशी असला की फिरवला जातो. या खेळातही महिन्याच्या पैशांची मर्यादा आपली आपण घालायची सोय आहे. पण ती वाढवायला एक बोट पुरतं, आणि कमी करायची तर अर्ज करून सात दिवस थांबा. हे नेमकं उलटं पाहिजे. तसं मी सरकारला लिहिलंय. तू किती वेळा वाढवलीस?"

आई बोटातलं अंगुस्तान फिरवत राहिली. "सहा," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "सात."

आईने त्याच्यासमोर मर्यादा कमी करायचा अर्ज भरला. खात्याचा पासवर्ड मामाने बदलायचा आणि स्वतःजवळ ठेवायचा, असं ठरलं. तिने फोन पुढे केला, पण हातातून सोडला नाही.

"दुकानदारांचे काटे तपासायची तुझी ती पितळी वजनं," ती म्हणाली, "तीही तपासायला न्यायचास ना दरवर्षी?"

"न्यावीच लागायची, वरच्या कार्यालयात. आपली वजनं आपणच तपासून चालत नाही."

"इथे बसल्यापासून चारदा फोन बघितलास. आज सामना आहे ना?"

मामा कानापर्यंत लाल झाला. फुकटचे संघ पैशांचे कधी झाले, ते मामीलाही माहीत नव्हतं. त्याने खिशातून फोन काढला, आईच्या मांडीवर ठेवला, आणि मगच तिचा घेतला.

"मार शिक्का, ताई," तो म्हणाला.